वेर्बोव्काचे भरतकाम आणि मालेविचचा चौकोन : लघुप्रबंधाच्या निमित्ताने

तांबडी सुई (धागाकर्ती)

नमस्कार.

कलेतिहासाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षासाठी मी लघुप्रबंध लिहीत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील आवाँ-गार्द (जुने संकेत मोडणाऱ्या, प्रयोगशील) चळवळी आणि कापड यांचा संबंध, असा त्याचा विषय आहे. विषय मान्य होण्याच्या वेळी जे घडले ते आधी सांगते, म्हणजे माझा रोख लक्षात येईल. विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी माझे टाचण वाचले आणि ‘भरतकाम हा गृहविज्ञानाचा विषय झाला, आपण चित्रकलेबद्दल बोलू’ असे म्हणून ते परत केले. मला वाईट वाटले, पण त्याहून अधिक आश्चर्य वाटले, कारण ज्या घटनेवर मी लिहू पाहत होते ती चित्रकलेच्या इतिहासात ऐन मध्यावर घडलेली आहे. टाचण पुन्हा लिहून दिले आणि आता ते मान्य झाले आहे. प्रत्यक्ष लेखन सुरू करण्यापूर्वी इथल्या वाचकांसमोर ते मांडावे आणि त्यातील कच्चे दुवे दाखवून घ्यावेत, म्हणून हा धागा.

बहुतेकांना ठाऊक असलेली गोष्ट आधी मांडते. डिसेंबर १९१५ मध्ये पेत्रोग्राद (म्हणजे सेंट पीटर्सबर्ग) येथे ‘०,१०’ या नावाचे प्रदर्शन भरले. ते इव्हान पुनी आणि क्सेनिया बोगुस्लाव्स्काया या चित्रकार दांपत्याने भरवले होते आणि ‘शेवटचे फ्युचरिस्ट चित्रप्रदर्शन’ असे त्याचे उपशीर्षक होते. याच प्रदर्शनात काझिमिर मालेविच या चित्रकाराने आपला ‘काळा चौकोन’ लोकांपुढे आणला आणि आपल्या नव्या कलेला ‘सुप्रेमॅटिझम’ हे नाव दिले. त्या दालनाचे एक छायाचित्र जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, छताला लागून, काळा चौकोन टांगलेला आहे. रशियन घरात त्या जागी देवप्रतिमा ठेवतात आणि तिला ‘लाल कोपरा’ म्हणतात. भिंतींवर चौकटी नसलेली चित्रे वरखाली, जणू तरंगत असल्यासारखी लावली आहेत, त्यांच्याजवळ कागदाच्या कपट्यांवर लिहिलेले आकडे चिकटवले आहेत आणि खाली एक साधी खुर्ची आहे. मालेविचची एकूण ३९ चित्रे तिथे होती. अमूर्त चित्रकलेचा इतिहास सांगताना आपण साधारणपणे या छायाचित्रापासून सुरुवात करतो.

माझा लघुप्रबंध त्याच्या सहा आठवडे आधी सुरू होतो. नोव्हेंबर १९१५ मध्ये मॉस्कोच्या लेमर्सिए गॅलरीत आधुनिक शोभाकलेचे प्रदर्शन भरले होते. चित्रकारांनी आराखडे काढायचे आणि खेड्यातील बायकांनी ते कापडावर भरायचे, अशी त्यामागची व्यवस्था होती. हे काम प्रामुख्याने वेर्बोव्का या गावातून आले होते. वेर्बोव्का तेव्हाच्या कीव प्रांतात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये आहे. तिथल्या जमीनदार घराण्यातील नताल्या दाविदोव्हा यांनी शेतकरी बायकांसाठी भरतकामाची कार्यशाळा चालवली होती, आणि कीव व पॅरिस अशा दोन्ही ठिकाणी वावर असलेल्या अलेक्सांद्रा एक्स्टर या चित्रकर्तीने नव्या पिढीतील चित्रकारांना या कामात ओढले. त्या प्रदर्शनात एक्स्टर होत्या, पुनी आणि बोगुस्लाव्स्काया होते, आणि मालेविचही होता. त्याने दोन स्कार्फ आणि एका उशीचे आराखडे दिले होते. ते सुप्रेमॅटिस्ट होते, म्हणजे पांढऱ्या जागेवर ठेवलेले रंगीत चौकोन आणि पट्टे होते.

याचा अर्थ असा की सुप्रेमॅटिझमचे आकार लोकांनी पहिल्यांदा पाहिले ते कॅनव्हासवर नव्हे, भरतकामाच्या प्रदर्शनात. शिवाय याच शरद ऋतूत मालेविच आपली नवी चित्रे कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून धडपडत होता. सप्टेंबरमध्ये पुनी अचानक त्याच्या कार्यशाळेत आला आणि त्याने ती चित्रे पाहिली. तेव्हा कल्पना चोरीला जाईल या भीतीने मालेविचने आपला मित्र, संगीतकार आणि चित्रकार मिखाईल मात्युशिनला पत्र लिहिले आणि पुस्तिका छापून आपले नाव या शोधाशी जोडण्याची घाई केली. जो माणूस आपल्या मित्रांपासूनही चित्रे लपवत होता, त्याने तेच आकार उशीसाठी कसे दिले? कापडावरचा आकार ‘चित्र’ म्हणून कोणी मोजणार नाही याची त्याला खात्री होती, की कापडाकडे तो आपल्यापेक्षा अधिक मोकळेपणाने पाहत होता? माझ्या लघुप्रबंधाचा गाभा हा प्रश्न आहे. मालेविचने आत्मकथनात लिहिले आहे की त्याची आई भरतकाम आणि लेस विणण्याचे काम करत असे आणि तो स्वतःही ते तिच्याकडून शिकला होता. हा तपशील मला नेहमी तळटीपेत सापडतो. मला तो वरच्या मजकुरात हवा आहे.

आणखी एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करते. ‘०,१०’ मध्ये भाग घेणारे चौदा कलावंत होते आणि त्यांपैकी सात स्त्रिया होत्या : बोगुस्लाव्स्काया, वासिल्येव्हा, किरिलोव्हा, पेस्तेल, पोपोव्हा, रोझानोव्हा आणि उदाल्त्सोव्हा. बरोबर निम्म्या. वर्गात हे प्रदर्शन शिकवले गेले तेव्हा मालेविच आणि त्याचा प्रतिस्पर्धी कलावंत तात्लिन यांचे भांडण तपशीलवार सांगितले गेले, पण ही सात नावे मी पहिल्यांदा वाचली ती ग्रंथालयात, स्वतः शोधताना. आणि वेर्बोव्कात प्रत्यक्ष टाके घालणाऱ्या बायकांची तर नावेसुद्धा हाती लागत नाहीत. आराखडा काढणाऱ्याचे नाव सूचीत छापले जाई.

जाणकारांनी माझ्या मांडणीवर निःसंकोच आक्षेप घ्यावेत. त्यासाठीच लिहिले आहे.

कॅनव्हासवाला

विषय उत्तम आहे आणि प्राध्यापकांचा शेरा चुकीचा होता, हे आधी नोंदवतो. मी चित्रकार आहे, इतिहासकार नाही, त्यामुळे माझा आक्षेप चित्र काढणाऱ्याच्या बाजूने आहे असे समजावे.

‘लोकांनी पहिल्यांदा पाहिले’ आणि ‘पहिल्यांदा घडले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या मांडणीत त्यांची सरमिसळ होण्याचा धोका दिसतो. काळा चौकोन १९१५ च्या उन्हाळ्यात रंगवून झाला होता. म्हणजे नोव्हेंबरमध्ये उशीवर जे आले ते आधीच कॅनव्हासवर सुटलेले गणित होते. प्रदर्शनाच्या तारखांवरून विचारांचा क्रम ठरवू नये, एवढेच म्हणणे आहे. मालेविचने स्वतः हा खेळ केला आहेच. त्याने चित्राच्या मागे १९१३ हे साल लिहिले, कारण त्या वर्षी डिसेंबरमध्ये पीटर्सबर्गला झालेल्या ‘सूर्यावर विजय’ या संगीतिकेच्या नेपथ्याच्या रेखाटनांत त्याला त्या चौकोनाचे बीज दिसत होते. ‘पहिले कोण’ या शर्यतीत आपण उतरलो की आपणही त्याच्याच नियमांनी खेळू लागतो.

दुसरे म्हणजे तो कॅनव्हास. साडेएकोणऐंशी सेंटिमीटर बाजू असलेले हे चित्र आज त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे आणि त्याच्या काळ्या रंगाला असंख्य तडे गेले आहेत. त्या तड्यांतून खालचे रंग दिसतात. २०१५ मध्ये संग्रहालयाने क्ष-किरणांनी तपासणी केली तेव्हा काळ्या रंगाखाली एकावर एक दोन रचना आढळल्या, त्यांतील एक क्युबो-फ्युचरिस्ट वळणाची, म्हणजे वस्तू तुकड्यांत मोडून दाखवणारी. म्हणजे हा चौकोन कोऱ्या जागेवर उतरलेला नाही. आधीचे चित्र पुसत, झाकत, झगडत तो तयार झाला आहे. ओल्या थरावर नवा थर चढवला की तडे जाणारच, आणि घाईशिवाय असे कोणी करत नाही. हे झगडणे रंगाच्या माध्यमातलेच आहे. भरतकामात ते शक्य नाही. तिथे आधी निर्णय होतो, मग सुई लागते. तेव्हा कापड ही सुप्रेमॅटिझमची जन्मभूमी आहे असे सुचवू नका. कापडावर तो लगेच का नांदू शकला, हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो.

तांबडी सुई

तुमचा आक्षेप मान्य आहे आणि तो मी प्रस्तावनेतच घेणार आहे. ‘जन्म’ हा शब्द माझ्या टाचणात एके ठिकाणी आहे, तो काढून टाकते.

मात्र ‘लगेच का नांदू शकला’ याचे माझे उत्तर असे आहे. या चित्रांना ठरलेले वर-खाली नाही. जुन्या प्रदर्शनांची छायाचित्रे ताडून पाहिली तर मालेविचचे एकच चित्र वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या बाजूने टांगलेले आढळते. निसर्गचित्र उलटे टांगता येत नाही, पण स्कार्फ कोणत्याही बाजूने पांघरता येतो. चित्रातून क्षितिज गेले, सावली गेली, खोली दाखवण्याची युक्ती गेली. जे उरले ते रंगाचे सपाट क्षेत्र आणि त्याच्याभोवतीची पांढरी जागा. कापडावर काम करणाऱ्यांना ही अट कधीच परकी नव्हती. पॅरिसमधील चित्रकर्ती सोनिया द्लोने यांनी १९११ मध्ये आपल्या तान्ह्या मुलासाठी, शार्लसाठी, तुकडे जोडून एक पांघरूण शिवले. युक्रेनच्या शेतकऱ्यांच्या घरांत अशी पांघरुणे पाहिल्याचे त्या सांगत. ते शिवून झाल्यावर त्यांच्या मित्रमंडळींना त्यात क्युबिझम दिसला, आणि आज ते पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात चित्रांच्या रांगेत आहे. कॅनव्हासवर जे धाडस ठरले ते पांघरुणावर व्यवहार होता. मला हे वाक्य लघुप्रबंधात ठेवावेसे वाटते. ते टिकेल का, हे तुम्हीच सांगा.

मावशीची गोधडी

हा धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे. मी पस्तीस वर्षे शिवण आणि भरतकामाचे वर्ग घेतले. चित्रकलेचा इतिहास मला येत नाही, पण काळा चौकोन कापडावर भरायचा म्हणजे काय, हे मला कळते. तुमचे लिखाण वाचल्यावर मी तो भरून पाहिला.

पांढऱ्या केसमेंटच्या सुती कापडावर चार इंचांचा चौकोन पेन्सिलीने आखला, कापड रिंगमध्ये ताणले आणि काळ्या रेशमी धाग्याने सॅटिनचा टाका घालायला घेतला. पहिली अडचण अशी की चार इंच लांबीचा एकच टाका घालता येत नाही. तो सैल पडतो आणि कशालाही अडकतो. म्हणून चौकोनाचे चार आडवे पट्टे करून ओळीओळीने भरावे लागले. दुसरी अडचण ताणाची. जसजसे भरत गेले तसतसे कापड आत ओढले जाऊ लागले. रिंग काढल्यावर चौकोनाच्या चारही कडा मधोमध किंचित आत आलेल्या होत्या आणि भोवती चुण्या पडल्या होत्या. चुण्या ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून बऱ्याच गेल्या, कडा मात्र तशाच राहिल्या. तिसरी गोष्ट मला स्वतःला नवी होती. एरवी मी फुले-पाने भरते, तिथे टाक्याची दिशा पाकळीगणिक बदलते, त्यामुळे ती जाणवत नाही. इथे सगळे टाके एका दिशेने. खिडकीजवळ धरला तर चौकोन गडद काळा दिसे आणि तोच पाव वळणाने फिरवला की करडा, चकाकणारा दिसे. म्हणजे तुम्ही म्हणता ते वर-खाली नसणे कापडावर वेगळ्याच प्रकारे खरे ठरते : फिरवल्यावर आकार तोच राहतो, पण काळा बदलतो.

मग तोच चौकोन मॅटीच्या कापडावर, घरे मोजून, फुलीच्या टाक्याने भरला. तिथे कडा ताठ आणि काटकोन आपोआप बरोबर येतो. पण त्यातला एक तिरका पट्टा भरायला गेले तर त्याच्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या. पुस्तकांतल्या चित्रांत पाहिले तर मालेविचचे पट्टे बहुतेक तिरकेच आहेत. तेव्हा असे काम घरे मोजून होण्यासारखे नाही, त्याला आखीव कड आणि भरीव टाका लागणार. आराखडा काढणाऱ्याने तिरकी रेघ ओढली की भरणारीचे काम किती पटीने वाढते, हे त्याला ठाऊक होते का?

कॅनव्हासवाला यांना एक सांगायचे आहे. भरतकामात निर्णय आधी होतो आणि मग सुई लागते, हे तितकेसे खरे नाही. कापड ओढले जाते आहे असे दिसले की टाक्याची लांबी बदलावी लागते, धागा पुरणार नाही असे वाटले की पट्टे कमी करावे लागतात. मी दुसऱ्या ओळीत चुकले आणि सगळी ओळ उसवली. उसवलेल्या जागी कापडावर भोके राहतात आणि ती पुढच्या टाक्यांखाली जातात. तुमच्या क्ष-किरणांना तीही सापडतील.

कॅनव्हासवाला

ताई, आपले म्हणणे मान्य. माझे वाक्य मी मागे घेतो. चौकोनाच्या कडांबद्दल आपण लिहिलेत त्यावरून एक जोड देतो. ‘०,१०’ च्या सूचीत त्या चित्राचे नाव ‘काळा चौरस’ असे नव्हते, ‘चतुष्कोण’ अशा अर्थाचा शब्द होता, आणि ते योग्यच आहे, कारण त्याच्या बाजू एकमेकींना नेमक्या समांतर नाहीत. पट्टी लावून काढलेला तो चौरस नव्हे, हाताने तोललेला आकार आहे. आत वळलेल्या कडांचा आपला चौकोन त्याच्या अधिक जवळचा आहे, मॅटीवरचा नव्हे.

जुना ग्रंथपाल

धागाकर्तीसाठी काही व्यावहारिक सूचना. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मी ज्या चुका वर्षानुवर्षे पाहिल्या, त्याच या विषयात दबा धरून बसलेल्या आहेत.

पहिली चूक तारखांची. १९१८ च्या आरंभापर्यंत रशियात जुनी दिनदर्शिका होती आणि ती विसाव्या शतकात आपल्या दिनदर्शिकेच्या तेरा दिवस मागे होती. लेमर्सिए गॅलरीतील प्रदर्शन जुन्या गणनेने ६ नोव्हेंबर १९१५ रोजी उघडले, म्हणजे नव्या गणनेने १९ नोव्हेंबरला. ‘०,१०’ जुन्या गणनेने १९ डिसेंबर १९१५ रोजी उघडले. नव्या गणनेने तो दिवस १ जानेवारी १९१६ येतो. एका पुस्तकातून एक तारीख जुन्या गणनेची आणि दुसऱ्यातून दुसरी नव्या गणनेची उचलली, तर तुमचे ‘सहा आठवडे’ कधी एक महिना होतील, कधी आठ आठवडे. दोन्ही तारखा एकाच गणनेने लावल्या तर अंतर त्रेचाळीस दिवसांचे आहे. कोणतीही एक गणना निवडा आणि पहिल्याच पानावर तसे लिहा. ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात का साजरी होते याचेही कारण हेच, हे आपल्याला पाठ असते, पण चित्रप्रदर्शनांच्या बाबतीत ते कोणी लक्षात घेत नाही.

दुसरी बाब नावांची. वेर्बोव्का हे रशियन रूप आहे, युक्रेनियन भाषेत ते वेर्बिव्का होते. मालेविच कीवमध्ये पोलिश घरात जन्मला, एक्स्टर कीवमध्ये शिकल्या, द्लोने यांचे मूळही युक्रेनचे. हे सगळे ‘रशियन आवाँ-गार्द’ या एका पेटीत घालण्याची सवय अलीकडच्या काळात युरोपातील संग्रहालयेही सोडू लागली आहेत आणि नावांच्या पाट्या बदलू लागली आहेत. तुमच्या विषयात तर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा आहे, कारण ज्या भरतकामाच्या परंपरेतून वेर्बोव्काच्या बायका आल्या ती युक्रेनच्या खेड्यांतील होती. परिभाषा जपून वापरा.

तिसरी आणि सर्वांत गंभीर बाब प्रतिमांची. या काळातील चित्रांची नक्कल फार मोठ्या प्रमाणावर झाली आहे, आणि त्यात पोपोव्हा, रोझानोव्हा, एक्स्टर यांच्या नावांवर खपवलेली चित्रेही आहेत. कोलोनच्या लुडविग संग्रहालयाने २०२० मध्ये आपल्याच संग्रहातील संशयास्पद ठरलेली चित्रे खऱ्या चित्रांशेजारी मांडून प्रदर्शन भरवले होते. संग्रहालयाने स्वतः आपली चूक भिंतीवर टांगावी, हे मला फार मोलाचे वाटले. लिलावांच्या संकेतस्थळांवरची चित्रे प्रबंधात वापरू नका. ज्याचा माग संग्रहालयापर्यंत किंवा त्या काळच्या छापील सूचीपर्यंत पोचतो, तेच घ्या. वेर्बोव्काची मूळ कापडे क्रांती आणि यादवीच्या धामधुमीत जवळजवळ सगळी नाहीशी झाली. त्यामुळे आराखडे, सूची आणि छायाचित्रे हेच तुमचे साहित्य. वस्तूच हाताशी नसताना वस्तूबद्दल लिहिणे ही अडचण लपवू नका, तिच्यावर एक प्रकरण लिहा. आणि रशियन लिपी शिकून घ्या. भाषा येण्यास वर्षे लागतात, पण सूचीतील नावे आणि क्रमांक वाचण्याइतकी लिपी पंधरा दिवसांत येते.

रेषाबद्ध

एक शंका मांडतो. स्त्रिया आणि कापड यांना जोडून दाखवताना आपण नकळत तीच जुनी विभागणी पक्की करत नाही का? जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेचे उदाहरण समोर आहे. १९१९ मध्ये वायमार येथे शाळा सुरू झाली तेव्हा स्त्री-पुरुष असा भेद होणार नाही असे जाहीर झाले, प्रवेशासाठी मुली मोठ्या संख्येने आल्या आणि मग त्यांना विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवण्यात आले. आनी आल्बर्स यांना काचेचे काम करायचे होते, त्या मागावर बसल्या त्या नाइलाजाने. तिथे त्यांनी आणि गुंटा श्ट्योल्झ्ल यांनी जे उभे केले ते अद्वितीय आहे, यात वाद नाही. पण नाइलाजाचा गौरव करावा का?

तांबडी सुई

जुना ग्रंथपाल, तेरा दिवसांच्या चुकीत मी खरोखरच अडकले होते. माझ्या टाचणात एक तारीख जुन्या गणनेची आणि एक नव्या गणनेची आहे. आज दुरुस्त केली. लिपी शिकण्यास सुरुवात करते.

रेषाबद्ध, तुमची शंका मला टाळता येणार नाही, आणि तिच्यामुळेच मी बाउहाउस लघुप्रबंधाच्या बाहेर ठेवण्याचे ठरवत आहे. तिथे माग हा स्त्रियांसाठी ठरवून दिलेला कोपरा होता. मॉस्कोत १९२३ मध्ये जे घडले ते याच्या अगदी उलट होते. ल्युबोव्ह पोपोव्हा आणि वार्वारा स्तेपानोव्हा यांनी कॅनव्हासवरचे चित्र हेच आता निरुपयोगी झाले आहे, असे मानले आणि त्या सरकारी कापड-छपाई कारखान्यात आराखडे करायला गेल्या. त्यांना कोणी वळवले नव्हते. त्यांच्या दृष्टीने चित्रकलेची पुढची पायरी तीच होती. त्याआधी, डिसेंबर १९१७ मध्ये, म्हणजे क्रांतीनंतर काही आठवड्यांतच, वेर्बोव्काचे दुसरे मोठे प्रदर्शन मॉस्कोत भरले आणि त्यात पोपोव्हा, रोझानोव्हा, उदाल्त्सोव्हा यांचे आराखडे होते. सत्ता बदलत असताना, शहरात अन्नाची टंचाई असताना, या स्त्रिया उशा आणि पिशव्यांसाठी रंगीत कागदाचे तुकडे कापत बसल्या होत्या. मला हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

यांतील दोघींना फार वेळ मिळाला नाही. रोझानोव्हा नोव्हेंबर १९१८ मध्ये घटसर्पाने गेल्या, तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. पोपोव्हा १९२४ मध्ये स्कार्लेट तापाने, पस्तिसाव्या वर्षी. रोझानोव्हांनी १९१७ मध्ये रंगवलेला हिरवा पट्टा पाहिला आहे का? पांढऱ्या जागेतून वरून खाली गेलेली एक हिरवी पट्टी, कडा किंचित विरघळलेल्या. पुढे तीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये अशा पट्ट्यांना नवा शोध म्हटले गेले. मला त्या विरघळलेल्या कडेत धागा दिसतो. पण कॅनव्हासवाला म्हणतील की हा पुरावा नव्हे, आणि ते बरोबर असेल, म्हणून हे वाक्य प्रबंधात येणार नाही, इथेच राहील.

झुरिकच्या सोफी टॉयबर-आर्प यांना मात्र मी एक छोटे प्रकरण देणार आहे. दादावाद्यांच्या (कलेचे सगळे संकेत उधळून लावणाऱ्या कलावंतांच्या) मंडळात असताना त्या १९१६ ते १९२९ या काळात तिथल्या कलाव्यवसाय शाळेत कापडकाम शिकवत होत्या, आणि त्यांच्या त्या वर्षांतील रचना उभ्या-आडव्या आयतांच्याच आहेत. मावशींनी मॅटीबद्दल जे लिहिले ते वाचल्यावर त्या रचनांकडे मी नव्याने पाहिले. मोजून घातलेल्या टाक्याला काटकोन आपोआप येतो आणि तिरकी रेघ जड जाते, ही गोष्ट कोणत्याही पुस्तकाने मला इतकी नेमकी सांगितली नव्हती. एक विनंती आहे. मावशी, तुमच्या दोन्ही चौकोनांची छायाचित्रे परिशिष्टात घेऊ का? आणि शक्य असल्यास मागच्या बाजूचीही पाठवाल का? मालेविचने कॅनव्हासच्या मागे लिहिलेल्या सालावरून इतका वाद झाला, तर कापडाची मागची बाजूही दाखवावी असे वाटते.

रेषाबद्ध

पटले. फक्त पोपोव्हा-स्तेपानोव्हा यांच्या प्रकरणात कारखान्यातील कामगार स्त्रियाही येऊ द्या. वेर्बोव्कात जी चूक झाली असे तुम्ही म्हणता, तीच तुमच्याकडून व्हायला नको.

आणि एक शेवटचा मुद्दा. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याला बाउहाउसच्या कलावंतांच्या कागदावरील कामांचे प्रदर्शन भरले होते, कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांच्या प्रयत्नांतून. बाउहाउसमध्ये शिकवणाऱ्या क्ले आणि कांडिन्स्की या चित्रकारांची कामे तिथे होती आणि त्याच प्रदर्शनात बंगालच्या चित्रकर्ती सुनयनी देवी यांची चित्रेही होती. जलरंग आले, रेखाटने आली, लाकडी ठशांची चित्रे आली. वायमारमध्ये तेव्हा माग चालू होते. ते कापड का आले नाही, या प्रश्नावर पुढे कोणी विद्यार्थ्याने काम करावे. तुमच्या लघुप्रबंधात तो आणू नका, विषय फुटेल.

मावशीची गोधडी

अवश्य घ्या. आज दुपारी उजेडात चारही छायाचित्रे काढली. केसमेंटच्या तुकड्याची मागची बाजू पाहिलीत तर दुसऱ्या ओळीत जिथे उसवले ती जागा स्पष्ट दिसेल, आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यावर लडी संपल्यामुळे नवा धागा जोडला आहे, तिथे गाठ आहे. पुढून यातले काही दिसत नाही.

मॅटीवरचा तुकडा पालथा केल्यावर त्याची वरची बाजू कोणती, ते मलाच ओळखता येईना. म्हणून एका कोपऱ्यात लाल धाग्याने छोटा टाका घालून ठेवला आहे. तो मूळ नमुन्यातला नाही, तेवढे परिशिष्टात लिहा.